थर्मासमधला द्राक्षरस

साळवे पाळकांना एक खोड होती. कुठलीही गोष्ट कानावर आली की ती जशीच्या तशी गिळायची नाही. आधी उलटी करून पाहायची, मग सुलटी करून पाहायची, आणि ज्याने सांगितली त्यालाच वर तीन प्रश्न विचारायचे. पुण्याला धर्मशिक्षण घेत होते तेव्हा त्यांचे एक म्हातारे गुरुजी वैतागून म्हणाले होते की हा साळवे स्वर्गाच्या दाराशी पोचला तरी आत जायचा नाही, आधी देवदूताला दाराची कडी कुठल्या लोखंडाची ते विचारत बसेल. साळव्यांनी तेही मनावर घेतलं आणि बायबलात स्वर्गाचं दार मोत्याचं आहे, मग त्याला लोखंडी कडी कशाला असेल, यावर चार दिवस डोकं चालवलं.

तर अशा माणसाकडे, १९९६ च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी संध्याकाळी मंडळीचा सेक्रेटरी कुंदन एक अर्ज घेऊन आला. अर्ज अर्ध्या पानाचा होता. त्यावरचे प्रश्न दीड तास चालले.

साळवे राहायचे सुरतेच्या नवागामात, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम चालायचे, त्यामुळे घरात सगळेच जरा मोठ्याने बोलत. नवागामातल्या लाखभर खानदेशी माणसांत ख्रिस्ती घरं आमटीतल्या मिठाइतकीच, पंचवीस-तीस. त्यांची उपासना साळवे चालवायचे. शिवाय त्यांच्याकडे आणखी एक मंडळी होती, आणि ती मोठी मजेची होती. साक्री तालुक्यातल्या दोन खेड्यांतली ती माणसं. दिवाळी झाली की ती आपल्या मातीच्या भिंतींच्या देवळाला, म्हणजे चर्चला, कुलूप घालत, लॉरीत बसत आणि पलसाण्याच्या पुढे कालव्याकाठी ऊसतोडीच्या पडावावर येऊन उतरत. एप्रिलपर्यंत मग गावचं देऊळ रिकामं आणि मंडळी उसाच्या पाल्याच्या झोपड्यांत. गावच्या पाळकाला कुलपापुढे उपदेश करून काय मिळणार, म्हणून वरच्या कमिटीने पडावाची जबाबदारी साळव्यांवर टाकली होती. आठ वर्षं झाली, हंगामातल्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते लूनावर बसून तिकडे जात आणि प्रभुभोजन देऊन येत.

प्रभुभोजन म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मंडळीने त्याचं शरीर मानून भाकरीचा तुकडा खायचा आणि त्याचं रक्त मानून घोटभर द्राक्षरस प्यायचा. दिसायला एवढंच. पण दीक्षा झालेल्या पाळकाशिवाय कुणी ते द्यायचं नाही असा नियम, आणि मोडला तर माणूस 'शिस्तीखाली' जातो. म्हणजे वर्षभर त्याने उपासनेला यायचं, गायचं, प्रार्थना करायची, आणि सगळे जेवायला पुढे गेले की आपण मागे बसून राहायचं. शहरातल्या माणसाला ही शिक्षा वाटायची नाही. खेड्यातला माणूस मात्र यापेक्षा दंड बरा म्हणेल.

कुंदनच्या अर्जात होतं ते असं, की पडावावरचा मंडळीचा वडील, म्हणजे मंडळीने निवडलेला पुढारी, निंबा याने फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पाळक हजर नसताना स्वतःच्या हाताने प्रभुभोजन दिलं. आणि तेही चहाचं. 'चहाचं' या शब्दाखाली कुंदनने पट्टी लावून दोन रेघा मारल्या होत्या.

कुंदन तसा वाईट मुलगा नव्हता. लूमच्या खात्यात सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, नियमाला पक्का. दुसऱ्या रविवारी तो गीतांची पुस्तकं द्यायला पडावावर गेला आणि तिथल्या बायकांनीच त्याला हे कौतुकाने सांगितलं. तो हादरून परत आला.

साळव्यांनी विचारायला सुरुवात केली. चहा कसला, दुधाचा की कोरा? कपात दिला की पेल्यात? भाकरी ज्वारीची की बाजरीची? शब्द कोणते म्हटले? कुंदनला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि हे प्रश्न महत्त्वाचे आहेत असंही त्याला वाटत नव्हतं. शेवटी चप्पल घालता घालता तो म्हणाला की निंबाची बायको सुभद्राबाई त्याच आठवड्यात, बुधवारी, वारली.

त्यानंतर साळव्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

याचं कारण सांगायला हवं. त्या पहिल्या रविवारी साळवे पडावावर गेले नव्हते, कारण शहरातल्या एका मोठ्या मंडळीचा वर्धापनदिन होता आणि व्यासपीठावर बसून शेवटची प्रार्थना करायला त्यांना बोलावलं होतं. मंडप, माइक, गळ्यात हार. लहान मंडळीच्या पाळकाला असा मान रोज कोण देतो? साळव्यांनी स्वतःशी ठरवलं की पडाव काही पळून जात नाही, तिकडे पुढच्या महिन्यात जाऊ. निरोपही धाडला नाही. सुभद्राबाई महिनाभर तापाने अंथरुणाला खिळली आहे हे त्यांना जानेवारीपासून माहीत होतं. हार घरी आणून त्यांनी खुंटीला टांगला होता, तो अजून तिथेच वाळत होता. कुंदन गेल्यावर त्यांची नजर त्यावर गेली आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी ते लूना घेऊन निघाले. पलसाण्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रंगाचे कारखाने. नाल्याचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं. त्या वासातून बाहेर पडलं की एकदम ऊस लागतो, आणि मग कालव्याचा कच्चा रस्ता. पडावावर पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पहाटे चारला फडात गेलेली माणसं भाकरीला परत आली होती. सगळ्यांनी सलाम केला. नेहमीसारखाच, हसून. कुणाच्या चेहऱ्यावर गुन्हा केल्याची खूण नव्हती, आणि साळव्यांना त्याचंच जास्त नवल वाटलं.

निंबा साठीचा असेल. वाचता येत नव्हतं, पण दोनशे गीतं तोंडपाठ. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. सुभद्राबाई गेली आणि त्याचा कोयता अर्धा झाला. आता तो मुलाच्या, मगनच्या, कोयत्यामागे मोळ्या बांधायचा. साळव्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दुःख झालं म्हणाले, प्रार्थना केली. निंबाने डोळे पुसले. मग साळव्यांनी जमेल तितक्या हळुवारपणे त्या रविवारची गोष्ट काढली.

निंबाने काही लपवलं नाही. सगळी मंडळी त्या दिवशी एक वाजल्यापासून बसून होती. मुकादमाकडून दोन तासांची सुटी मागून घेतली होती, ती संपली. तरी कुणी उठलं नाही. लूनाचा आवाज येतोय का म्हणून पोरं कालव्यापर्यंत जाऊन आली. चार वाजले तेव्हा सुभद्राबाईने खाटेवरून नवऱ्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली की साहेब येत नाहीत, तू दे. निंबा म्हणाला, माझा तो अधिकार नाही. तेव्हा ती म्हणाली, "आठ वरीस व्हयनात, देखी राह्यना तू. दे. माले पुढला महिना नही."

मग त्याने हात धुतले. शांताबाई म्हणून निंबाची भावजय होती, तिने ताजी भाकरी थापली. धुतलेलं लुगडं अंथरलं. निंबाने भाकरी मोडली आणि साळवे दर महिन्याला म्हणतात ते सगळे शब्द म्हटले. साळव्यांनी त्याला ते पुन्हा म्हणायला लावले. खोड ती खोडच. निंबा डोळे मिटून म्हणत गेला आणि साळवे थक्क होऊन ऐकत राहिले. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. जिथे साळव्यांना खाकरायची सवय होती तिथे निंबाही जरासा थांबला. आणि सगळ्यात शेवटी, आशीर्वाद झाल्यावर, त्याच गंभीर आवाजात म्हणाला, "आणि पेले मोजून परत द्या."

साळवे दचकले. स्टीलचे चोवीस छोटे पेले ते पिशवीतून नेत, आणि एकदा दोन पेले हरवल्यापासून उपासना संपली की दर वेळी ही सूचना देत. त्यांनी विचारलं की त्या दिवशी पेले होते का. निंबा म्हणाला, पेले कुठले, एका लोट्यातून सगळ्यांना दिलं. मग पेले मोजून द्या असं का म्हटलं? निंबाला प्रश्नाचंच नवल वाटलं. तो म्हणाला की तुम्ही दर वेळी म्हणता, गाळायचं कसं?

हसावं की रडावं हे साळव्यांना कळेना. मग त्यांनी तो मुख्य प्रश्न विचारला. द्राक्षरस नव्हता हे खरं, पण पाणी होतं, उसाचा रस निघाला असता, चहाच का?

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी निंबाच संकोचून म्हणाला, "साहेब, तुम्ही थर्मासमा चहाच तर लयतस ना?"

साळव्यांना आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं, आणि ते ज्या गोणपाटावर बसले होते तिथेच बसून राहिले.

गुजरातेत दारूबंदी, आणि साळव्यांच्या मंडळीला तशीही दारू चालत नव्हती. म्हणून त्यांची बायको नीलाबाई काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून त्याचं पाणी करायची आणि ते थर्मासमध्ये भरून द्यायची. थर्मास निळ्या रंगाचा, झाकणाचा कप होणारा. त्यातून निघणारं पाणी तपकिरी, गोड, बिनदुधाचं आणि कोमट. पडावावर सगळेच कोरा चहा पीत, कारण दूध परवडत नव्हतं. थर्मासमधून तपकिरी गोड पाणी निघालं तर या माणसांनी त्याला दुसरं काय समजावं? आठ वर्षं ती चहा समजून पीत होती आणि आठ वर्षांत साळव्यांनी, जगातल्या प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारणाऱ्या माणसाने, त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं की यात काय आहे.

ते म्हणाले, अरे पण मी दर वेळी द्राक्षरस म्हणतो ना? द्राक्षवेलीवर तर दोन-तीनदा उपदेशही केलाय.

उत्तर शांताबाईने दिलं. ती चुलीपाशी बसली होती आणि तिला आपलं काही चुकलंय हे मुळीच मान्य नव्हतं. "साहेब, तुम्ही भाकरले शरीर म्हनतस, आम्ही मानतस. मंग चहाले द्राक्षरस म्हनं, ते बी मानी लिधं. आमनं काय चुकनं?"

चार वर्षं धर्मशास्त्र शिकून साळव्यांना जे मानायला जड गेलं होतं, ते या बाईने भाकरी थापता थापता दुपटीने मानून टाकलं होतं.

ते उठले तसा निंबा त्यांना लूनापर्यंत सोडायला आला. कुंदनने त्याला शिस्तीची कल्पना दिली असावी, कारण तो म्हणाला की मला काय करायचं ते करा. मग लूनाच्या हँडलवर हात ठेवून, आवाज खाली आणून त्याने विचारलं, "तिले भेटनं का नही, तेवढं सांगा."

म्हणजे सुभद्राबाईला शेवटचं प्रभुभोजन मिळालं की नाही. म्हाताऱ्याला दुसरं काही नको होतं. त्याने आपल्या हाताने दिलं ते जर खोटं असेल, तर ती उपाशीच गेली, आणि आपणच तिला फसवून पाठवलं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

साळवे म्हणाले की कमिटीपुढे ठेवतो. हे शब्द तोंडातून बाहेर पडताच त्यांना समजलं की आपण आयुष्यातलं सगळ्यात भेकड उत्तर दिलं आहे. पण लूना सुरू झाली होती, आणि निंबाने मान हलवून सलाम केला होता.

घरी त्यांनी नीलाबाईला सगळं सांगितलं. नीलाबाई महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवायच्या आणि नवऱ्याच्या प्रश्नांची त्यांना वीस वर्षांची सवय होती. चहाचं ऐकून त्या आधी पोट धरून हसल्या, मग निंबाचं ऐकून गप्प झाल्या. साळवे येरझारा घालत म्हणत होते की नियम नियमासाठी नाही, पण नियमाला कारण आहे. उद्या जो तो उठून देऊ लागला तर. आणि मनुकांचं पाणी म्हणजे शेवटी द्राक्षच, चहाचा द्राक्षाशी संबंध काय?

नीलाबाई म्हणाल्या, "अहो, मनुका मी पर्वत पाटियाच्या नाक्यावरच्या किराणावाल्याकडून आणते. तो काट्यावर अंगठा ठेवतो म्हणून मी त्याच्याशी भांडते. घरी येऊन त्या मीच उकळते, आणि माझ्या हातांना कुणी दीक्षा दिलेली नाही. त्यातलं तुमचं काय, तर तेवढे शब्द. आणि ते शब्द तर निंबाने खाकरण्यासकट म्हटले."

साळवे थांबले. मग म्हणाले की हा मुद्दा मला सुचायला हवा होता. नीलाबाई म्हणाल्या, तुम्हाला प्रश्न सुचतात, ते काय थोडं आहे? आणि खुंटीवरचा वाळका हार काढून त्यांनी केरात टाकला.

शनिवारी मंडळीची कमिटी बसली. पाच माणसं, अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. चांगला माणूस चुकीच्या बाजूला बसला की त्याच्याशी भांडणं किती कठीण असतं ते साळव्यांना त्या दिवशी कळलं. चहाचा उल्लेख येताच एकाने कपाळावर हात मारला. दुसरा म्हणाला, आज चहा, उद्या सोडा. साळव्यांनी थर्मासची हकीकत सांगितली तेव्हा कुंदनसुद्धा ओशाळला. पण नियम राहिलाच. निंबा साधा सभासद नव्हता, वडील होता. त्याला सोडलं तर बाकीच्यांना काय सांगणार?

साळवे म्हणाले की मग आधी मला शिस्तीखाली ठेवा. त्या रविवारी मी तिथे असायला हवं होतं आणि मी हार घालून मंडपात बसलो होतो. यावर सगळे समजुतीने हसले. अध्यक्ष म्हणाले, पाळकालाच शिस्तीखाली ठेवलं तर प्रभुभोजन द्यायचं कोणी?

ठराव कुंदनने लिहिला. त्यात दोन वाक्यं होती. पहिलं, निंबा यास एक वर्ष शिस्तीखाली ठेवण्यात येत आहे. दुसरं, सदर दिवशी देण्यात आलेले भोजन हे प्रभुभोजन नव्हे असे ही कमिटी ठरवते.

दुसऱ्या वाक्यावर साळवे अडले. सही करणार नाही म्हणाले. अध्यक्षांनी समजावलं की दोन्ही वाक्यं एकाच गाडीची चाकं आहेत; ते प्रभुभोजन होतं म्हटलं तर शिक्षा कसली आणि नव्हतं म्हटलं तर दुसरं वाक्य आलंच. तर्क बिनचूक होता, आणि एरवी साळव्यांनी त्याचं कौतुक केलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे लूनाच्या हँडलवरचा तो उसाने कापलेला हात होता. ते म्हणाले की निंबाने नियम मोडला, त्याला काय ती शिक्षा द्या, तो घेईल. पण ती बाई मेलेली आहे. तिच्या तोंडातला घास काढून घ्यायला ही कमिटी कोण? आणि मीही कोण?

बराच वेळ वाद झाला. शेवटी तडजोड निघाली, जशी कमिट्यांत निघते. दुसरं वाक्य खोडायचं, आणि त्या बदल्यात पहिल्यावर साळव्यांनी कुरकुर न करता सही करायची. साळव्यांनी सही केली. बायकोला वाचवायला नवऱ्याचा बळी दिला, असं त्यांना वाटलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी ते बारालाच पडावावर हजर झाले. थर्मास खाली ठेवला, झाकण उघडलं आणि आधी सगळ्यांना सांगितलं की यात मनुकांचं पाणी आहे, काळ्या द्राक्षांचं, माझी बायको उकळते. हे आठ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, ती चूक माझी. थर्मास हातोहात फिरला. बायकांनी वास घेतला. शांताबाईने बोट बुडवून चाटलं आणि आपलं मत दिलं की चहा बरा.

मग ते निंबाला घेऊन बाजूला, कालव्याच्या कडेला गेले. काय आणि कसं सांगायचं याची त्यांनी वाटेत बरीच जुळवाजुळव केली होती. ती सगळी तिथे विसरले.

"निंबाभाऊ, सुभद्राबाईला मिळालं," ते म्हणाले. "पुरतं मिळालं. याबद्दल माझ्या मनात प्रश्न नाही."

निंबा खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो पाण्याकडे बघत राहिला, आणि त्याचे डोळे वाहू लागले. साळव्यांचेही वाहू लागले. मग साळव्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. एक वर्ष. सगळे जेवतील तेव्हा तुम्ही मागे बसायचं.

निंबाने नाक पुसलं. त्याला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. "चाली जाई," तो म्हणाला. मग थोडा विचार करून, बाजारात भाव विचारावा तशा आवाजात, "पन साहेब, त्या दिनपासून मोजा. त्या दिन मी बी नही लिधं."

का घेतलं नाही? साळव्यांनी विचारलंच. निंबा म्हणाला की तुम्ही सगळ्यांना देता आणि शेवटी उरलेलं स्वतः घेता, म्हणून मीही माझं शेवटी ठेवलं होतं. पण तिची जीभ कोरडी पडली होती, तिने आणखी मागितलं. लोट्यात होतं ते तिला दिलं.

आपण कशावर सही करून आलो आहोत ते साळव्यांना आता खऱ्या अर्थाने समजलं.

उपासना सुरू झाली. गीतं निंबानेच म्हटली. गायला बंदी नव्हती. भाकरी शांताबाईची होती. साळव्यांनी शब्द म्हटले, आणि म्हणताना जिथे खाकरायचे तिथे त्यांना स्वतःचंच हसू आलं. मंडळी एकेक करून पुढे येऊ लागली तसा निंबा उठला आणि मागे, बाभळीच्या सावलीत, गोणपाट टाकून बसला. लोकांनी पाहिलं. मगन वाटेत थांबला, बापाकडे बघू लागला. निंबाने हातानेच त्याला पुढे हाकललं. सगळ्यांचं झालं. थर्मासमध्ये तळाशी घोटभर उरलं होतं, आणि परातीत भाकरीचा एक तुकडा. तो दर वेळी साळव्यांचा असायचा.

साळव्यांनी तो तुकडा शांताबाईच्या नातवंडाच्या हातावर ठेवला, आणि उरलेला घोट तिथेच मातीवर ओतला. आशीर्वाद दिला. पेले मोजायला सांगितले नाहीत. मग ते मंडळीच्या मधून चालत मागे गेले आणि निंबापासून चार हातांवर, उघड्यावर, जमिनीवर बसले. आता प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होते आणि विचारत कुणीच नव्हतं.

निंबाने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही नही लिधं?"

"नाही."

"किती दिन?"

"तुमचे जेवढे, तेवढेच," साळवे म्हणाले.

निंबा गोणपाटावर एका बाजूला सरकला आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"मंग आठे या," तो म्हणाला. "तठे ऊन लागस."